ठेवणीतला भोपळा

भोपळा घ्यायला गेलं की आधी देठ बघावा. रंग, आकार, वजन हे सगळं त्यानंतर. देठ हिरवा आणि रसरशीत असेल तर तो भोपळा वेलावरून घाईने उतरवलेला असतो. दिसायला कितीही देखणा असला तरी घरी ठेवण्याच्या कामाचा नाही. पक्क्या भोपळ्याचा देठ वाळून तपकिरी पडलेला असतो, टणक असतो, आणि नखाने खरवडला तर कोरडा भुगा पडतो. आपल्याकडच्या लाल भोपळ्याच्या देठाला पाच कडा असतात आणि फळाला टेकतो तिथे तो पसरत जातो. तो पसरलेला भाग फळाला घट्ट धरून आहे की कडेने सुटायला लागला आहे, हे बोट फिरवून कळतं. देठ मुळातच नसेल तर विकणारा काहीही सांगो, तो भोपळा त्याच आठवड्यात संपवायचा.

मग साल. अंगठ्याचं नख सालीवर नुसतं दाबून बघायचं, ओरखडायचं नाही. ओरखडा पडला तर तिथूनच भोपळा कुजायला लागतो. नख रुतलं आणि खाली ओल दिसली तर फळ कोवळं. पक्क्या सालीवर नखाची खूणही उमटत नाही. तिच्यावर तकाकी नसते, उलट बारीक पांढुरकी भुकटी असते, हात फिरवला की तळव्याला लागते. भोपळा उलटा करून त्याची जमिनीला टेकलेली बाजूही बघावी. तिथला डाग पिवळा-तांबूस असला तर फळ वेलावर पुरेसं राहिलं आहे, पांढरट-हिरवा असला तर नाही. शेवटी सगळ्या अंगावरून नजर फिरवून बारीक टोचलेल्या जागा शोधायच्या. फळमाशी फळ कोवळं असताना साल टोचून आत अंडी घालते. टोचल्या जागी चिकाचा थेंब सुकून त्याचा खडा होतो. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी दिसणारी ती जागा कापल्यावर आत अळ्यांचा मार्ग दाखवते.

एवढं सगळं बघायचं कारण एकच. भोपळा ठेवून खायचा असतो. आणल्या दिवशी चिरला तर तो एक साधी, पाणचट, कुणाला फारशी न आवडणारी भाजी होतो. महिना-दीड महिना ठेवून चिरला तर वेगळाच पदार्थ हाती येतो. शहरात आपण भोपळा अख्खा घेणंच सोडून दिलं. भाजीवाल्याच्या हातगाडीवर पिवळ्या कागदात गुंडाळलेली पाव किलोची फाक घेतो आणि मुलं नाक मुरडतात म्हणून सांगतो. फाक ज्या क्षणी कापली त्या क्षणापासून तिची मुदत सुरू होते. तिला पिकायला, मुरायला वेळच उरत नाही. मुलांचं काही चुकत नाही. त्यांना अजून भोपळा मिळालेलाच नाही.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. तिथे पावसाच्या तोंडावर परसात दोन-तीन आळी करून बिया लावत. वेल गोठ्याच्या कुडावर, तिथून छपरावर चढायचा. श्रावणात फुलांची भजी, कोवळ्या शेंड्यांची भाजी. भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे सुरुवातीपासूनच बोराएवढं फळ असतं, त्यामुळे भजीसाठी कुठलं फूल खुडायचं आणि कुठलं ठेवायचं हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असायचं. नर फुलंही सगळी खुडायची नसत. ती पहाटे उमलतात आणि ऊन चढायच्या आत मिटतात. तेवढ्या वेळात मधमाशीने परागकण नेले तरच फळ धरतं.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत फळं उतरत. आत्या ते काम कुणाला करू द्यायची नाही. कोयत्याने वेल कापायची, देठ तीन-चार बोटं ठेवून. मग दोन्ही हात खाली घालून फळ उचलायचं. "देठाला धरून उचलू नको गो," हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. देठ उपसला गेला तर तिथे जखम होते, आणि भोपळ्याला जखम म्हणजे बुरशीला दार. उतरवलेली फळं खळ्यात, नव्याने सारवलेल्या जमिनीवर, एकमेकांना न लागतील अशी मांडत. दिवसभर उन्हं, रात्री वर झावळी. आठ-दहा दिवसांनी ती घरात येत.

या आठ-दहा दिवसांचं शास्त्र मी पुढे वाचलं. थंड देशांतल्या शेतकऱ्यांना भोपळे काढल्यावर २७ ते २९ अंश सेल्सिअस तापमानात साधारण दहा दिवस ठेवायला सांगतात. त्या उबेत साल कडक होते, वरचे बारीक ओरखडे भरून येतात, देठ आटतो. त्यासाठी तिथे खोली तापवावी लागते. आपल्याकडे ऑक्टोबरचं ऊन ते काम फुकट करतं. आत्याला अंश ठाऊक नव्हते, दिवस मात्र तेवढेच होते.

घरात भोपळ्यांची जागा पडवीत. जाडजूड फळं माळ्यावर पेंढ्यात, मधली सुंभाच्या जाळीत घालून वाशाला टांगलेली. शेजारी तवशीही, म्हणजे मोठ्या काकड्या, तशीच टांगलेली असत. टांगण्यात मोठं शहाणपण आहे. फळाला चारी बाजूंनी वारा लागतो, एकच बाजू दबून राहत नाही, उंदीर पोचत नाही, आणि चुलीचा धूर वरून जाताना किडा-मुंगीला लांब ठेवतो. माजघरात जाताना डोक्याला लागू नयेत म्हणून मोठी माणसं वाकून जात. शिमग्यापर्यंत ते एकेक करून खाली येत.

फ्लॅटमध्ये वासे नाहीत, पण भोपळ्याला हवं ते देता येतं. त्याला कोरडी, सावलीची, वारा खेळणारी जागा हवी. शास्त्र सांगतं की १० ते १५ अंश तापमान आणि ५० ते ७० टक्के आर्द्रता सगळ्यात उत्तम. पुण्यात मार्गशीर्ष-पौषातल्या रात्री याच्या जवळपास जातात, दिवस जात नाहीत. तरीही पक्का भोपळा दोन-तीन महिने सहज राहतो. मी तो जेवणघराच्या कोपऱ्यात, लाकडी पाटावर, जुन्या लुगड्याच्या चुंबळीवर ठेवते. चुंबळीमुळे तळ जमिनीपासून उचललेला राहतो आणि खालून हवा जाते. फरशीवर थेट ठेवलेल्या भोपळ्याच्या तळाशी ओल धरते, आणि बाहेरून काही कळायच्या आत तो खालून मऊ पडतो. एकावर एक ठेवायचे नाहीत, एकमेकांना टेकवायचेही नाहीत. पिकत घातलेली केळी किंवा सफरचंदाची टोपली शेजारी नको, कारण पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि त्याने भोपळ्याचा देठ सुटू लागतो.

अख्खा भोपळा फ्रिजमध्ये मात्र कधीही घालू नये. फ्रिजचं तापमान चार-पाच अंश. दहा अंशांच्या खाली भोपळ्याला थंडी बाधते. सालीवर खळगे पडतात, आतला गर पाणी सोडतो, आणि बाहेर काढला की दोन-चार दिवसांत सडतो. उष्ण प्रदेशातलं फळ आहे ते, बर्फाळ थंडीची त्याला सवय नाही.

ठेवला आणि विसरला, असंही चालत नाही. आठवड्यातून एकदा दोन्ही हातांनी उचलायचा, तळ बघायचा, देठाभोवती अंगठ्याने दाबायचं, वास घ्यायचा. कूज सुरू होते ती बहुतेक वेळा याच दोन जागांतून. देठाभोवती ओलसर कडं दिसलं, पांढरी बुरशी आली, किंवा एखादी जागा दाबल्यावर आत गेली, तर त्याच दिवशी फोडायचा. वेळेत लक्षात आलं तर तेवढा भाग काढून बाकीचा वापरता येतो. आंबूस वास आला तर मोह न धरता टाकून द्यावा.

आता ठेवल्याने नेमकं होतं काय? ताज्या उतरवलेल्या पक्क्या भोपळ्यात पिष्ट भरपूर असतं. फळ वेलापासून तुटलं तरी जिवंत असतं, श्वास घेत असतं. त्याच्या आतली विकरं हळूहळू त्या पिष्टाची साखर करतात. पाणीही थोडं उडून जातं, म्हणून वजन घटतं आणि गर दाट होतो. रंग गडद होत जातो. हे एका मर्यादेपर्यंतच. फार ठेवला तर पिष्ट संपतं, साखरही फळ स्वतःच वापरून टाकतं, आणि गर धाग्याधाग्यांचा, बेचव होतो. चैत्रात फोडलेल्या भोपळ्यात कधीकधी बियांना आतल्या आतच मोड आलेले दिसतात, ओलसर धाग्यांत पांढरी मुळं गुंतलेली. माझ्या मते दिवाळीला उतरलेला भोपळा संक्रांतीच्या मागेपुढे सगळ्यात चांगला लागतो.

माझं सासर अमरावतीकडचं. तिथे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात, आणि लग्नकार्याच्या पंगतीत त्याच्या भाजीला मानाची जागा असते. सासूबाई कोहळं आणल्यावर त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "त्याले राहू दे अजून. घाई नको करू." किती दिवस, ते सांगत नसत. एक दिवस उचलून, कानाशी धरून, बोटांनी ठोकायच्या. आवाज आतून घुमला की म्हणायच्या, आज कर.

भोपळा फोडायचा प्रसंगही छोटा नसतो. अनेक घरांत पहिला घाव बाईने घालायचा नाही अशी रीत आहे. घरातला पुरुष किंवा मुलगा सुरी लावून देतो, मग बाई पुढे चिरते. कोहळा-भोपळा बळीच्या जागी देण्याच्या प्रथेतून हे आलं असावं. मी ती रीत पाळत नाही, पण त्यातलं एक मला आवडतं. अख्खा भोपळा फोडायला घरातलं आणखी कुणीतरी ओट्याशी येऊन उभं राहतं. पाच किलोच्या फळाला दोन माणसं लागतातच. एकाने घट्ट धरायचं, दुसऱ्याने कापायचं.

देठ मधोमध कापायला जाऊ नये, सुरी अडकते. देठाच्या कडेला, दोन फुगीर कण्यांमधल्या खोलगट रेषेत सुरीचं टोक घालायचं. टोक आत गेलं की पातं खाली आणायचं, घसटत नाही, दाबत. मग भोपळा फिरवून दुसऱ्या बाजूने तसंच. देठापाशी दोन्ही चिरा आल्या की हातांनी फाकवायचा. कडाड् आवाज होतो आणि देठ एका अर्ध्याबरोबर निघून येतो. त्या क्षणी जो वास येतो तो काकडी आणि ओल्या मातीच्या मधला, किंचित गोडसर. भोपळा चांगला राहिला आहे की नाही, हे त्या वासावरून कळतं.

कापलेल्या कडेकडे दोन मिनिटं थांबून बघावं. सालीच्या लगेच आत, गराच्या काठावर, काचेसारखे स्वच्छ थेंब एका ओळीत उभे राहतात. वेलातून फळाकडे अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या तिथे कापल्या गेलेल्या असतात. हा रस हवा लागली की घट्ट होतो. तोच बोटांना चिकटतो, वाळतो आणि कातडी ओढल्यासारखी वाटते, कधी सालपटंही निघतात. हाताला आधी थोडं खोबरेल लावलं की त्रास होत नाही. पोटातले धागे आणि बिया मात्र ताबडतोब काढायच्या. कापलेल्या भोपळ्यात सगळ्यात आधी नासतात ते हे धागेच. ते चमच्याने खरवडून काढून, फाक कोरडी पुसून, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस राहते. आणखी एक काळजी. शिजवण्याआधी कच्च्या गराचा एक लहानसा तुकडा जिभेवर ठेवून बघावा. क्वचित एखादं फळ कडू निघतं. तो कडवटपणा शिजवून जात नाही आणि पोटाला बाधतो. तो तुकडा थुंकून टाकावा आणि भोपळा अख्खाच फेकावा.

पहिल्या दिवशी भाजी करावी. साल काढायची नाही, फोडी मोठ्या ठेवायच्या. तेलात मोहरी, हिंग आणि मेथीदाणे. मेथी तांबूस झाली पाहिजे, काळी नाही. तिचा किंचित कडवटपणा भोपळ्याच्या गोडीला तोल देतो. या भाजीत मेथी नसली तर मला ती अपुरी वाटते. तिखट, हळद, फोडी, आणि वरून झाकणात पाणी. आत पाणी अजिबात घालायचं नाही. ठेवणीतला भोपळा स्वतःच्या ओलीवर शिजतो. आमसूल कधी घालायचं हे तुम्हाला भाजी कशी हवी त्यावर. आंबटाने फोडीचा गर मऊ व्हायला वेळ लागतो, त्यामुळे आमसूल लवकर टाकलं तर फोडी आकार धरून राहतात, शेवटी टाकलं तर मऊ पडून एकजीव होतात. आमच्याकडे आमसूल आधी, गूळ नंतर, आणि उतरवताना मूठभर ओलं खोबरं. गोव्यातल्या खतखत्यातही भोपळ्याच्या फोडी असतात, तिरफळांच्या वासात. तिथे त्या थोड्या विरघळून रसाला दाटपणा देतात, आणि ते तिथे योग्यच आहे.

सासरची बाकरभाजी याहून श्रीमंत. खसखस, तीळ, सुकं खोबरं, चारोळी भाजून जाडसर वाटायची, हे बाकर. सालीसकट फोडी जरा जास्त तेलात परतून अर्ध्याकच्च्या शिजवायच्या, मग बाकर, काळा मसाला, चिंचेचा कोळ, गूळ. बाकर फोडींच्या भोवती चिकटून बसलं पाहिजे, रस वेगळा दिसता कामा नये. ही भाजी पाणचट भोपळ्याची होतच नाही. भोपळ्याने पाणी सोडलं की खसखस-खोबऱ्याचा लगदा होतो. ठेवलेल्या कोहळ्याचीच करायची, हा सासूबाईंचा नियम त्यातूनच आलेला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरीत. फोडी वाफवून कुस्करायच्या, पूर्ण गार होऊ द्यायच्या, मगच दही. गरम गरात दही घातलं तर फुटतं. वरून तुपात जिरं आणि हिरवी मिरची. उपासाला हेच भरीत दाण्याचं कूट घालून होतं. अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेल्या भोपळ्याला, बटाट्याला, शेंगदाण्याला, मिरचीला आपल्या उपासाच्या ताटात एवढी हक्काची जागा मिळाली, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

पण भोपळा ठेवल्याचा खरा दाखला हवा असेल तर घारगे करावेत. दोन वाट्या किसलेला भोपळा थोड्या तुपावर वाफवायचा, एक वाटी चिरलेला गूळ घालून तो विरघळेपर्यंत परतायचा, चिमूटभर मीठ, जायफळ. खाली उतरवून पूर्ण गार करायचा. मग त्यात मावेल तेवढीच कणीक आणि दोन चमचे तांदळाचं पीठ. पाण्याचा थेंबही नाही. इथेच नवा आणि जुना भोपळा वेगळे कळतात. ताज्या भोपळ्याचा कीस इतकं पाणी सोडतो की त्यात पीठ मावतच जातं, आणि शेवटी हातात येते ती गुळाची पुरी, भोपळ्याचा नुसता रंग असलेली. ठेवलेल्या भोपळ्याच्या किसाला पीठ कमी लागतं. घारगे नरम होतात, आत केशरी राहतात आणि भोपळ्याची चव पुढे येते. एकाच मापाचा कीस घेऊन दोन्ही करून बघावेत, वाद उरत नाही.

पीठ घट्ट भिजवायचं, कारण गूळ मुरताना ते सैल पडतं. लिंबाएवढा गोळा केळीच्या पानावर तुपाच्या बोटाने थापायचा, वर खसखस. लाटायचे नाहीत, थापलेले जास्त हलके होतात. आच मध्यम ठेवायची. गूळ लवकर लाल होतो, मोठ्या आचेवर बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. तेलात सोडला की घारगा आधी तळाशी बसतो, मग हळूच वर येतो. तो वर आला की झाऱ्याने कडेने तेल उडवायचं, मधोमध दाबायचं नाही. फुगला तर छान, नाही फुगला तरी चवीत फरक नाही. दुसऱ्या दिवशी लोण्याबरोबर ते आणखी चांगले लागतात, आणि प्रवासात दोन-तीन दिवस टिकतात. विदर्भात याच गराची, पीठ सैल ठेवून, बोंडं तळतात.

सगळं संपत नसेल तर उरलेला भोपळा शिजवून, घोटून, वाट्यावाट्यांनी डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. कच्च्या फोडी गोठवल्या तर सुटल्यावर लिबलिबीत होतात. सालीही टाकू नयेत. बारीक चिरून तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतल्या, तीळ, मिरची, मीठ घातलं की भाकरीबरोबरची चटणी झाली.

बिया धुवून सावलीत वाळवायच्या. भाजून सोलून खाल्ल्या तर मुलांचा खाऊ. माणसाने भोपळा जवळ केला तो मुळात बहुधा बियांसाठीच. मेक्सिकोतल्या ओआहाका भागात गिला नाकित्झ नावाच्या गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. पेरायच्या बिया निवडायच्या त्या सगळ्यात जास्त टिकलेल्या भोपळ्याच्या. आत्या त्या राखेत घोळून मडक्यात ठेवायची. गावोगावच्या बायकांनी गावरान भाज्यांचं बियाणं असंच जपलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला तो याच कामासाठी.

परदेशातल्या मराठी घरांतून एक प्रश्न नेहमी येतो, तिथे घारग्यांना कुठला भोपळा घ्यावा? हॅलोविनला कोरायला विकतात तो घेऊ नये. त्याचा गर पातळ, पाणचट आणि चवीला फिका असतो, आणि तो वेगळ्या जातीचा आहे. लांबट मानेचा, बदामी सालीचा बटरनट घ्यावा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो आणि आपला लाल भोपळा एकाच जातीचे, कुकुर्बिटा मॉस्केटा. त्याच्या देठालाही पाच कडा असतात आणि तोही ठेवल्यावर गोड होतो. कोरड्या, थंड खोलीत दोन-तीन महिने राहतो.

पांढऱ्या कोहळ्याचं थोडक्यात. तो भोपळ्याहूनही टिकाऊ. त्याच्या अंगावरचं मेण हेच त्याचं कवच आहे. ते पुसू नये, धुऊ तर मुळीच नये. थंडीत घरात आणलेला कोहळा उन्हाळ्यापर्यंत थांबतो, आणि चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात त्याचे सांडगे घालता येतात.

अख्खा भोपळा आजच्या तीन-चार माणसांच्या घराला मोठा पडतो, हे खरं. त्यावर उपाय शेजारी आहे. दिवाळीनंतर दोन-तीन घरांनी मिळून एक चांगला पक्का भोपळा घ्यावा. घेतल्या दिवशी मात्र वाटून घेऊ नये. तो एका घरात चुंबळीवर महिना-दीड महिना राहू द्यावा, आठवड्याला उचलून बघावा, आणि मग एका रविवारी सगळ्यांनी जमून फोडावा. प्रत्येकाच्या वाट्याला दीड-दोन किलो येतो, म्हणजे एक भाजी, एक भरीत आणि एक घाणा घारग्यांचा.